मधलं आभाळ

कुलाब्याला उतरा. साल १८७८ आहे आणि तेही सरत आलंय, त्यामुळे हवा कोरडी आणि ऊन अंगाला सुखाचं. मिडल कुलाब्यातल्या एका बंगल्याच्या आवारात तुम्ही उभे आहात. समोर एका भल्यामोठ्या चौकटीवर आरसे जडवलेत, १७ इंच बाय १० इंचांचे, एकूण ७२. चौकटीखाली अर्धवर्तुळाकार रूळ आहे. सूर्य सरकला की एक गडी चौकट थोडी ढकलतो, दिवसातून तीन-चार वेळा. सगळ्या आरशांचा उजेड एका बॉयलरवर पडतोय आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालू आहे. कोळसा नाही, लाकूड नाही, धूर नाही.

यजमान आहेत विल्यम अ‍ॅडम्स, मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार. कोर्टातल्या साहेबाला हा उद्योग कुठून सुचला, असं तुम्हाला वाटेल. पण मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा जहाजातून येतोय आणि त्याचा भाव सगळ्यांनाच झोंबतोय. अ‍ॅडम्स यांनी आधी उन्हावर स्वयंपाक करून पाहिला; जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड महिन्यात, सात सैनिकांच्या शिध्यातलं मांस आणि भाजी दोन तासांत शिजवली. आता इंजिन. बघायला सरसेनापती, न्यायाधीश, बांधकाम खात्याचे सचिव, गिरणीमालक अशी बडी मंडळी आली आहेत. आरशांच्या झोतात लाकडाचा तुकडा धरला की तो लगेच पेटतो. जमलेले इंजिनिअर मान डोलावतात आणि एक सावध मत देतात: कोळशाची जागा हे घेणार नाही, पण जोडीला चालेल.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुमच्या मनात वेगळाच प्रश्न आहे. साहेब, जूनमध्ये काय?

हे इंजिन पंधरा दिवस चाललं, आणि ते पंधरा दिवस निरभ्र होते. इथून हाकेच्या अंतरावर कुलाब्याची वेधशाळा आहे. चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे तिथल्या नोंदवह्यांत आहे. आणि पाऊस सोडा, नुसतं मळभ आलं तरी आरसे मुके होतात. एक साधी खूण सांगतो, पुढे ठिकठिकाणी उपयोगी पडेल. जमिनीवर पडलेली तुमची सावली बघा. तिची कड चाकूने कापल्यासारखी असेल तर उजेड सरळ येतोय. कड फिकट झाली, पसरली, तर उजेड येतोय पण दहा दिशांनी. आरशाला सरळ आलेलाच उजेड एका जागी गोळा करता येतो. पसरलेल्या उजेडात तुम्हाला पेपर वाचता येईल, पण बॉयलर उकळणार नाही.

आता पुण्याला, १९५७ मध्ये. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस, म्हणजे हवामान खातं.

एका लोखंडी कमानीत काचेचा भरीव गोळा बसवलाय. त्याच्या मागे जाड कागदाची पट्टी, तिच्यावर तासांच्या रेघा. सूर्य चालतो तसा गोळ्यातून गेलेला कवडसा पट्टीवर सरकतो आणि कागद जाळत जातो. ढग आला की जळणं थांबतं, गेला की पुन्हा सुरू. संध्याकाळी पट्टी काढतात तेव्हा त्या दिवसाचं आभाळ तिच्यावर काळ्या रेघेत उमटलेलं असतं: सकाळी सलग, दुपारी तुटक, चारनंतर कोरी. तुमच्या हातात दिली तर वास घेऊन बघा, करपलेल्या कागदाचा वास येईल.

पण ही पट्टी ऊन किती तास पडलं एवढंच सांगते, किती जोराचं पडलं ते नाही. त्यासाठी पांढऱ्या तबकडीवरच्या काचेच्या घुमटाखाली एक काळा पृष्ठभाग ठेवतात. उजेडाने तो तापतो, आणि त्या तापण्यातून मिलिव्होल्टमध्ये मोजण्याएवढी वीज निर्माण होते. हे यंत्र म्हणजे पायरॅनोमीटर. तो इथल्याच कार्यशाळेत घडावा, परदेशातून मागवावा लागू नये, असा हट्ट धरणाऱ्या बाई समोरच्या खोलीत आहेत. अन्ना मणी. केरळच्या, सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्या-माणकांच्या वर्णपटावर काम केलेल्या. १९४८ मध्ये पुण्यात रुजू झालेल्या. सध्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाची धांदल आहे आणि त्यासाठी देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभी राहताहेत. सूर्याच्या विजेवर कोणी पैसे लावेल असं या खोलीत कोणाला वाटतही नसेल. तरी आकडे घेतले जाताहेत, रोज, तासातासाला.

या आकड्यांचं मोल कळायला तुम्हाला थोडं पुढे सरकावं लागेल. १९८० मध्ये मणीबाईंची भारताच्या सौर प्रारणाच्या आकडेवारीची पुस्तिका आली, पुढच्याच वर्षी सहलेखक रंगराजन यांच्यासोबतचा दुसरा ग्रंथ. कुठे किती ऊन, कोणत्या महिन्यात किती सरळ आणि किती पसरलेलं, हे देशाला आपल्याच मोजणीतून कळलं. सौर प्रकल्पाचं गणित इथून सुरू होतं. वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सरासरी १,३६१ वॅट येतात. तिथे सूर्याचा व्यवहार चोख आहे, त्याच्या तेजात फरक पडतो तो नगण्य. स्वच्छ दुपारी जमिनीवर साधारण १,००० वॅट पोचतात. मधले जातात ते आभाळात. म्हणजे सौरवीज हा सूर्यापेक्षा मधल्या हवेचा धंदा आहे, आणि माझ्या मते या विषयावर बोलणारे निम्मे लोक इथेच चुकतात.

पुण्यातच राहा, फक्त २००७ मध्ये या. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशातल्या १२ केंद्रांच्या नोंदी तपासल्या आहेत, १९८१ ते २००४ या काळातल्या. जमिनीवर पोचणारा उजेड सरासरीने दर वर्षी ०.८६ वॅट प्रति चौरस मीटर कमी होत गेलाय. तेवीस वर्षांत जवळजवळ २० वॅट. सूर्य मंदावला नाही. धूर, काजळी आणि धूळ यांनी आभाळ मळत गेलं. मणीबाईंच्या पिढीने मोजून ठेवलं नसतं तर हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

पुढचा पल्ला लांबचा आहे. १९९२, कॅलिफोर्नियातलं मोहावी वाळवंट, क्रेमर जंक्शन. अ‍ॅडम्स यांचा आवारातला खेळ इथे शेकडो एकरांवर पसरलाय. पन्हळीसारखे वाकवलेले आरसे ओळीने उभे आहेत, प्रत्येक ओळीच्या मधोमध काचेच्या आवरणातल्या पोलादी नळीत तेल वाहतंय, त्या तेलाच्या उष्णतेवर वाफ आणि वाफेवर जनित्र. वाळवंटात असे एकूण नऊ प्रकल्प आहेत, सगळे मिळून ३५४ मेगावॅट. पाऊस नाही, ढग क्वचित. सौर प्रकल्पाला याहून चांगली जागा अमेरिकेत शोधून सापडणार नाही.

तरी कंट्रोल रूममधले लोक चिंतेत आहेत. गेल्या काही महिन्यांत दुपारची सर्वाधिक निर्मिती २० टक्क्यांपर्यंत घटली आहे. आरसे पुसून झाले, तेल तपासून झालं, पंप ठीक आहेत. तुम्ही बाहेर या आणि वर बघा. आभाळ निळं असायला हवं, ते दुधट आहे. हाताने सूर्य झाकला तर त्याच्याभोवती मळकट पांढरं वलय दिसतं. आता खाली सावली बघा: कड मऊ झाली आहे.

कारण इथून प्रशांत महासागराच्या पलीकडे आहे. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याचा गंधकाचा वायू वीस-पंचवीस किलोमीटर उंच गेला, तिथे त्याचे आम्लाचे बारीक थेंब झाले आणि ते पृथ्वीभर पसरले. त्या उंचीवर पाऊस नाही, म्हणून ते धुऊनही जात नाहीत. पृथ्वीचं सरासरी तापमान त्यांनी अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आणलं. पण जमिनीवर पोचणारा एकूण उजेड तीन टक्केसुद्धा घटला नव्हता. मग वीज २० टक्के कशी बुडाली? कारण थेंबांनी उजेड फारसा अडवला नाही, विखुरला. सरळ येणारा वाटा कमी झाला, आजूबाजूने येणारा वाढला. साध्या सपाट पॅनेलला दोन्ही चालतात, त्याला ही घट जेमतेम जाणवली असती. आरशांना एकच चालतो.

जाता जाता एक गोष्ट. तापमानवाढ रोखायला मुद्दामच वरच्या हवेत गंधक फवारावं, अशी एक सूचना अधूनमधून डोकं वर काढते. ती ऐकलीत की मोहावीतली ही दुपार आठवा. उन्हावर चालणारी वीज वाढवायची आणि वरून उन्हावर पडदाही टाकायचा, हे एकाच घरात दोन कारभारी असल्यासारखं आहे.

आता भाडला. राजस्थानात, फलोदीजवळ. २०२२ चा मे महिना, दुपारचे दोन.

इथे येताना टोपी आणि पाणी घ्या. १९ मे २०१६ ला याच फलोदीत ५१ अंशांची नोंद झाली होती. आज ४६ आहे, म्हणजे इथल्या हिशेबाने बरा दिवस. चौफेर पॅनेलच पॅनेल. २,२४५ मेगावॅट, साडेपाच हजारांहून अधिक हेक्टर. जमीन उजाड, ऊन भरपूर, ढग कमी. २०१७ मध्ये याच पार्कच्या लिलावात युनिटला २ रुपये ४४ पैसे एवढा खाली दर आला, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती.

एका पॅनेलच्या मागे वाका आणि लेबल वाचा. पॅनेलची वॅटमधली ताकद लिहिलेली आहे, आणि बारीक अक्षरात अट: उजेड १,००० वॅट, सेलचं तापमान २५ अंश. आता पाठीला हात लावू नका. ती ७० अंशांच्या घरात आहे. सिलिकॉनचा सेल तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो. नेहमीच्या पॅनेलमध्ये २५ च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी. ४५ अंशांचा फरक म्हणजे १८ टक्के. ज्या दुपारी तुम्हाला वाटतं की आज सूर्य आग ओकतोय, म्हणजे वीज धो धो येत असणार, त्या दुपारी लेबलवरच्या शंभरातले अठरा उष्णतेनेच खाल्लेले असतात. पॅनेल उजेड खातं, उष्णता त्याला बाधते. लडाखचं थंड, विरळ हवेचं पठार सौर कंपन्यांना खुणावतं ते उगाच नाही.

पश्चिमेकडे क्षितिज तपकिरी झालंय. आंधी येतेय, मागे व्हा. अर्ध्या तासात ती निघून जाईल, पण काचेवर पिठासारखी धूळ ठेवून जाईल. पहाटे थोडंसं दव पडलं की त्या धुळीचा पापुद्रा धरतो आणि मग फुंकरीने निघत नाही. पाण्याने धुवावं तर वाळवंटात पाणी कुठलं? म्हणून रात्री या. अंधारात ओळींवरून लांबलचक ब्रश घरंगळत जाताहेत, पाण्याविना चालणारे रोबो. रात्रीच का, तर तेव्हा काच गार असते आणि सावली पडून वीज बुडायचा प्रश्न नसतो. धूळ ही किरकोळ बाब समजू नका. गांधीनगरच्या आयआयटीतल्या पॅनेलवर अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी एक अभ्यास केला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला. काही आठवडे न पुसलेली पॅनेलं पुसताच त्यांची कार्यक्षमता दर वेळी ५० टक्क्यांनी उसळत होती. धुळीशिवाय त्या थरात धुराचे, काजळीचे कणही होते, आणि तो चिकट भाग थोडा असूनही उजेड जास्त अडवतो.

एवढं फिरलात, आता आपल्याकडे या. धुळे जिल्हा, साक्री तालुका, शिवाजीनगर. महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून इथे आहे. आपण जुलैच्या एका सकाळी आलोय.

सह्याद्रीच्या पलीकडे कोसळून उरलेले ढग इकडे पळत येताहेत. ऊन-सावलीचा खेळ तुम्ही माळावर उभे राहून बघितलाच असेल. इथे तो मीटरवर दिसतो. दाट ढग पॅनेलवर आला की काही मिनिटांत निर्मिती पाचव्या हिश्शावर येते. ढग सरला की नुसती परत चढत नाही, क्षणभर नेहमीपेक्षाही वर जाते. हे चुकीचं वाचन नव्हे. सूर्य उघडा पडलाय आणि ढगाच्या पांढऱ्या कडेवरून उजेड परतूनही खाली येतोय, त्यामुळे पायरॅनोमीटर हजाराच्या वर दाखवतो. इन्व्हर्टरला तेवढं झेपत नाही, तो आपल्या मर्यादेवर कापतो. पुन्हा ढग. पुन्हा घसरण. मोठ्या प्रकल्पात एका कडेची रांग झाकली तरी दुसरी उघडी असते, म्हणून झटके थोडे बोथट होतात. पण आभाळ एकदा गच्च भरून आलं की एकरांचा उपयोग नाही.

मान वर करा. याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि त्या सध्या जोरात फिरताहेत. जो मान्सूनचा वारा ढग आणून पॅनेलं झाकतो, तोच पाती फिरवतो. महाराष्ट्रात पवनऊर्जेचे चांगले महिने जून ते ऑगस्ट, सौरचे त्याच्या अलीकडे-पलीकडे. ही जोडी निसर्गाने आयती दिलेली आहे, आणि आपण ती एकत्र आखायला फार उशीर केला असं मला वाटतं.

साक्रीतली ही घसरण जाणवते कळव्याला, राज्याच्या भार प्रेषण केंद्रात. तिथे दिवसाचे ९६ ब्लॉक असतात, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. कोणत्या ब्लॉकमध्ये किती वीज देणार हे सौरवाल्याने आधी कळवायचं. ठरावीक मर्यादेबाहेर चुकलं तर पैसे भरायचे. राज्य वीज नियामक आयोगाचे हे नियम २०१८ चे. त्यामुळे आता ढगाचा अंदाज हा खर्चाचा विषय झालाय, आणि कंपन्या उपग्रहाची चित्रं दर काही मिनिटांनी चाळत बसतात. वीज अचानक कमी पडली तर कळव्याहून कोयनेला सांगतात. औष्णिक संच तापायला तास घेतो, पाण्याचं जनित्र काही मिनिटांत उभं राहतं. कोयना १,९६० मेगावॅटची आहे. पण कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलंय. ते सौरच्या प्रत्येक ढगासाठी उधळता येत नाही.

आणि पाऊसच आला नाही तर? २०२३ च्या ऑगस्टमध्ये थोडं थांबा. देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट, सरासरीहून ३६ टक्के कमी. धरणं भरेनात, वारा पडलेला, पिकं माना टाकताहेत आणि मोटारी अखंड चालू. १ सप्टेंबरला देशाची मागणी २४० गिगावॅटच्या आसपास गेली. दिवसा सौरने हात दिला. सूर्य मावळल्यावरचे तास मात्र कठीण गेले. हवामान बदलतंय ते असं: पावसाचे खंड लांबले की पाणी, वारा आणि मागणी या तिघांचं वेळापत्रक एकदम बिघडतं. वर्षाची सरासरी बघून प्रकल्प आखणाऱ्याला हे दिसत नाही.

शेवटचा मुक्काम नगर जिल्ह्यातलं एक शेत, दहा-एक वर्षांपूर्वीचा जानेवारी, रात्रीचे दोन. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. कांद्याला पाणी द्यायचंय, म्हणून घरचा माणूस बॅटरी घेऊन दारं धरतोय. पाय चिखलात, थंडी हाडात, उसाच्या कडेला बिबट्याची भीती वेगळीच. दिवसा लाईट द्या, एवढीच त्याची मागणी आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधल्या कोळंबीपासून, ती या मागणीवरचं उत्तर म्हणून. गावाजवळ सौर प्रकल्प, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला. हवामानाच्या दृष्टीने ही जोड पक्की आहे. रब्बीत मोटारी चालतात तेव्हा आभाळ निरभ्र आणि प्लेटा गार असतात; पावसाळ्यात निर्मिती पडते तेव्हा मोटारीही बऱ्याचशा बंद असतात. आपल्याकडे कललेल्या प्लेटांना सर्वाधिक वीज साधारण मार्चमध्ये मिळते, मेमध्ये नव्हे, आणि सर्वांत कमी जुलै-ऑगस्टमध्ये.

म्हणून तुमच्या गावच्या गायरानावर असा प्रकल्प येणार असेल तर ग्रामसभेत दोन गोष्टी विचारून घ्या. जुलैत आणि ऑगस्टमध्ये किती युनिट येतील, आणि पावसाने खंड दिला, आभाळ मात्र भरलेलं राहिलं, तर त्या पंधरवड्यात फीडरला लाईट कुठून देणार. उत्तर लेखी मागा. मे महिन्याचं सगळेच सांगतात.